उलटं धरलेलं पुस्तक

बाबांनी पुस्तक मांडीवर घेतलं, तळव्यानं कापडी कव्हर एकदा पुसलं आणि उलटं उघडलं. उलटं म्हणजे अगदी डोकं खाली, पाय वर. मी समोरच्या खुर्चीत बसून बुटांच्या नाड्या सोडत होते, ती तशीच थांबले, एक बूट पायात, एक हातात. दुसऱ्या कुणाची मुलगी असती तर म्हणाली असती, अहो बाबा, पुस्तक उलटं धरलंय तुम्ही. मी चकार शब्द काढला नाही.  आमच्या घरात फोटो सरळ बघायचे ते पाहुण्यांनी. वाढदिवसाचे, सहलीचे, कुणाच्या तरी बाळाचे फोटो बाबा सरळ बघत आणि ‘वा वा’ म्हणून परत देत. उलटा धरत तो फक्त असा फोटो, ज्याच्याकडे धंद्याच्या नजरेनं बघायचं. तेव्हा मनात म्हटलं, आले! आले बाबा एकदाचे ताळ्यावर. अकरा वर्षं लागली, पण आले.

ही उलट्याची भानगड त्यांच्या लाकडी कॅमेऱ्यातून आलेली. चौदाव्या वर्षी ते एका स्टुडिओत लागले. तिथे तीन पायांवर उभा असलेला एक धूड कॅमेरा होता, डोक्यावर काळं कापड घेऊन त्याच्या मागच्या काचेत बघायचं. त्या काचेत समोरचा माणूस उलटा दिसायचा, डोक्यावर उभा. पुढे स्वतःचा स्टुडिओ काढला तरी कॅमेरा तसलाच, म्हणजे निम्मं आयुष्य बाबांनी माणसं उलटी पाहण्यात काढलं. मला शिकवताना म्हणायचे, ‘माणूस सरळ दिसला की तू त्याचं नाक बघत बसतेस. ओळखीचा आहे का, कपडे काय घातलेत, हसतोय का. उलटा धर. मग माणूस जातो, नुसता उजेड आणि अंधार राहतो. तो नीट बसला असेल तर फोटो नीट.’ तारेवर वाळत घातलेले फोटो ते एकेक करून काढत, टेबलावर उलटे ठेवत, हात पाठीमागे बांधून बघत. मग सरळ करत आणि चूक सांगत. चूक हमखास असायचीच. क्षितिज कललंय. उजेड जास्त होऊन पांढरं जळलंय. कोपऱ्यात ते काय लुडबुडतंय? त्यांच्या तोंडून ‘चांगला आहे’ हे मी कधी ऐकलं नाही, कुणाच्याच फोटोबद्दल नाही, स्वतःच्यासुद्धा नाही. मला आता सेहेचाळिसावं चालू आहे. तीन प्रदर्शनं झाली, एक बऱ्यापैकी मोठं बक्षीस मिळालं, अनोळखी माणसं हात हातात घेऊन कायकाय बोलतात. ते सगळं मी एका कानानं ऐकते. दुसरा कान या एका माणसासाठी राखून ठेवलेला आहे, हे कुणाला सांगायची चोरी. घोडी झाले तरी बापानं पाठ थोपटावी म्हणून तडफडते, हे काय सांगण्यासारखं आहे?

तर बाबा बघत होते. त्यांनी सुरुवात शेवटापासून केली होती, आणि तीही उलटी, म्हणजे कसून परीक्षा. कव्हरवर मी काहीच छापू दिलं नव्हतं, दोन्ही बाजूंना नुसतं राखाडी कापड. मी समोर बसले होते म्हणून मला मात्र सगळे फोटो सरळ दिसत होते. पहिला, म्हणजे खरं तर शेवटचा, नदीच्या धक्क्यावरचा. बोट येणार नाही हे माहीत असूनही बसून राहिलेली बाई, मांडीवर शिवणयंत्राचं डोकं फडक्यात गुंडाळलेलं. बाबा त्यावर रेंगाळले. बोटानं कागदाची कड चाचपली, पान उलटलं. मग तपासणी नाक्यावरचे दोन भाऊ, एकमेकांकडे पाठ करून. बाबा पुन्हा रेंगाळले. मी दुसरा बूटही हळूच काढला, आवाज न करता. स्वयंपाकघरात ताई कप विसळत होती, तो आवाजसुद्धा मला नको होता. ताई माझी मोठी बहीण, आई गेल्यापासून बाबांकडे तीच असते. मी येते वर्षाकाठी दोन-तीन दिवस, पाहुण्यासारखी, आणि पाहुण्यासारखीच जाते.

आमचा स्टुडिओ याच इमारतीच्या खालच्या मजल्यावर होता. एक फिरतं स्टूल, एक रंगवलेला पडदा, त्यावर कुठेच न जाणारा जिना आणि खांब. आरशाखाली दोरीनं बांधलेला कंगवा, कारण लोक कंगवे पळवायचे. आणि बाबांचा आवाज, ‘हनुवटी जरा खाली. थोडी. अगं बाई, थोडी म्हटलं.’ अख्खी गल्ली त्यांना हनुवटी म्हणायची. ‘हनुवटीकडे जाऊन फोटो काढून आण,’ असं लोक बिनदिक्कत बोलायचे, बाबांच्या देखत. मला बाबा भिंगरी म्हणत, कारण त्या स्टुलावर बसले की मी फिरायचीच. पायाला भिंगरी लागलीय पोरीच्या, म्हणायचे, आणि ते तेव्हा गमतीनं म्हणायचे. सव्विसाव्या वर्षी मी खरंच निघाले तेव्हा हे नाव त्यांनी महिनाभर घेतलं नाही. रस्ते खात्यातला एक अधिकारी पासपोर्टच्या फोटोला आला होता, बोलता बोलता म्हणाला, डोंगरातल्या एका रस्त्याच्या भेगांचे फोटो काढायचेत, तीन आठवड्यांचं काम, कुणी यायला तयार नाही. मी येते म्हटलं. बाबांनी अधिकाऱ्याची हनुवटी खाली केली, फोटो काढला, तो गेल्यावर म्हणाले, ‘भेगांचे फोटो?’ मी म्हटलं, ‘हो.’ ‘आणि इथे?’ ‘इथे तुम्ही आहात की.’ स्टुडिओत एकच चांगला हातातला कॅमेरा होता. तो त्यांनी स्वतः पिशवीत भरून दिला, भिंग दोनदा पुसून. जाऊ नकोस म्हणाले नाहीत. जा पण म्हणाले नाहीत.

दहा दिवस मी इमानेइतबारे भेगा काढल्या. मग बर्फ पडलं आणि घाट बंद झाला, आणि मी नऊ दिवस ट्रकवाल्यांच्या एका लांबलचक रांगेत अडकले. चौथ्या दिवशी सकाळी एक ड्रायव्हर ट्रकच्या बाजूच्या आरशात बघून दाढी करत होता. गाडी कुठे जाणार नव्हती, कुणी भेटायला येणार नव्हतं, तरी अगदी जिवणीच्या कोपऱ्यातली खुंटं जीभ गालात घालून काढत होता. मी तो फोटो काढला, आणि दुसरा काढला, आणि भेगांसाठी दिलेली सगळी फिल्म त्या नऊ दिवसांत थांबलेल्या माणसांवर उधळली. अधिकाऱ्यानं मला तिथल्या तिथे हाकललं. बरोबरच होतं त्याचं. माझ्याकडे परतीचं तिकीट होतं आणि मी परतले नाही. एका ट्रकमध्ये बसून घाटाच्या पलीकडे उतरले, आठ महिने तिकडेच. पहिला फोन केला तेव्हा बाबांनी विचारलं, ‘कॅमेरा बरा आहे?’ मी कशी आहे ते नाही विचारलं. मी तेव्हा फोनच्या खोक्यात उभी राहून ढसाढसा रडले होते. ते आठ महिने बाबांनी माळ्यावरचा तो लाकडी धूड खाली उतरवून, डोक्यावर कापड घेऊन पासपोर्टचे फोटो काढले आणि गिऱ्हाइकं खदाखदा हसायची, हे ताईनं मला सांगितलं ते मागाहून, कितीतरी वर्षांनी, भांडणात.

त्या दाढी करणाऱ्या ड्रायव्हरचा फोटो छापून आला आणि माझं चालू झालं. थांबलेली माणसं. धक्के, नाके, बंद घाट, जिथे जिथे माणसाला थांबवतात तिथे तिथे मी जायची. कामं मिळत गेली, कधी नाही मिळाली, कुठे आजारी पडले, एकदा एका नाक्यावर चार दिवस कोंडून ठेवलं. अकरा वर्षांपूर्वी त्यातले निवडक चाळीस फोटो मोठे करून मी घरी आणले. बाबांनी टेबल पुसलं. सगळे उलटे मांडले. हात पाठीमागे बांधून तासभर बघितले, मग सरळ केले, पुन्हा तासभर. मी दाराला टेकून उभी. मग म्हणाले, ‘माणसं छान आहेत. फोटो अजून नाहीत.’ झालं. एवढंच. मी सगळे फोटो गोळा केले, जेवले नाही, ताई मागून हाका मारत होती. स्टेशनवर जाता जाता मी ठरवलं, आता दाखवीन ते पूर्ण झालेलं पुस्तक. ज्यात एक, अगदी एकसुद्धा चूक काढता येणार नाही असं. तोवर एक कागद दाखवणार नाही. आणि बाई मी हट्टाची, नाहीच दाखवला. दर वर्षी आले, बाबांसाठी मफलर आणले, चपला आणल्या, पावसापाण्याच्या गप्पा मारल्या. बाबा कधी विचारायचे, ‘काय चाललंय?’ मी म्हणायची, ‘चाललंय.’ ताई म्हणायची, ‘अगं दाखव की दोन-चार.’ मी म्हणायची, ‘झाल्यावर.’

आता झालं होतं, आणि ते बघत होते. मी पानं मोजत होते, माझ्याही नकळत. प्रत्येक पानाला साधारण तेवढाच वेळ. मधे मी एक कोरं पान सोडलं होतं, घाटातल्या फोटोंच्या आणि नदीच्या फोटोंच्या मधे, श्वास घ्यायला म्हणून. बाबा त्या कोऱ्या पानावरही रेंगाळले, कड चाचपली, उलटलं. मला वाटलं, कागद बघतायत. कागदाची पारख होतीच त्यांना. मी स्वतःला काय वाटेल ते पटवत होते. उलटं बघून झालं की पुस्तक सरळ करतील आणि मग बोलतील, आधी क्षितिज, मग पांढरं. मी उत्तरं तयार ठेवली होती. भांडणाची तयारी होती, आणि ते भांडण मला हवंच होतं. दाढी करणारा ड्रायव्हर आला आणि गेला. आणि मग सगळ्यात शेवटी, म्हणजे पुस्तकाच्या सुरुवातीचं पान आलं. त्यावर फोटो नव्हता. मधोमध मोठ्या अक्षरांत दोन ओळी होत्या. ‘बाबांना. आधी उलटं बघा, मग सरळ.’ या दोन ओळींसाठी मी छापणाऱ्याशी वाद घातला होता, तो म्हणत होता लोकांना कळणार नाही.  बाबांनी त्या पानालाही तेवढाच वेळ दिला, कड चाचपली, उलटलं, आणि पुस्तक मिटलं.

‘छान आहे,’ म्हणाले. ‘एकदम छान.’

मी वाट बघितली. ‘आणि?’

‘आणि काय? छान झालंय. मेहनत घेतलीस.’

‘चूक सांगा ना.’

‘नाही गं चूक. कुठेच नाही.’

आयुष्यभर ज्या शब्दासाठी झुरले तो असा समोर आला आणि मला थंडी वाजली. मी विचारलं, ‘सगळ्यात कुठला आवडला?’ बाबांनी पुस्तक चाचपलं. ‘तो… माणसाचा.’ ‘कुठल्या माणसाचा?’ ‘तोच गं. बसलेला.’ ‘बाबा, सगळेच बसलेत.’ ते हसले, मान खाली घालून, आणि पुस्तकाच्या कापडावरून हात फिरवत राहिले, उभा, आडवा. ताई कप घेऊन दारात उभी होती. मी तिच्याकडे बघितलं आणि तिच्या तोंडावरून मला कळायचं ते कळलं. ‘किती वेळ चालवणार आहात हे नाटक?’ ती बाबांना म्हणाली. ‘सांगून टाका आता. मला नाही सोसत.’

मधला भाग गेलाय, बाबा म्हणाले. दोन्ही डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग. कडा शिल्लक आहेत. दार कुठे, खुर्ची कुठे, कोण आलं कोण गेलं, हे कळतं. चेहरा जातो. अक्षर जातं. जिथे बघायला जावं तिथे धुकं. अगदी सहज सांगत होते, गिऱ्हाइकाला फोटो कधी मिळेल ते सांगावं तसं. मला स्टुडिओ बंद केल्याचं कारण सांगितलं होतं की लोक हल्ली फोनवरच काढतात. खरं म्हणजे एक माणूस पासपोर्टचा फोटो परत घेऊन आला होता. फोटोत हनुवटीच नव्हती. कापताना गेली होती. ‘हनुवटी!’ बाबा म्हणाले. ‘माझ्याकडून! मग काय, त्याच दिवशी शटर ओढलं.’ ताई हसली आणि डोळे पुसायला लागली. मला हसू आलं नाही.

‘कधीपासून?’

‘उजवा आधी गेला. तीन वर्षं झाली. डावा गेल्या साली.’

मी हिशेब करायला लागले आणि तो फार लवकर झाला. दोन हिवाळ्यांपूर्वी मी त्यांना नदीच्या त्या धक्क्यावरून फोन केला होता. बोटी बंद होत्या, थंडीनं बोटं लाकूड झाली होती आणि त्या दिवशी कधी नव्हे ती मी डळमळले होते. मी विचारलं होतं, ‘बाबा, जवळजवळ झालंय. सुटेच फोटो घेऊन येऊ का? की अजून एक हिवाळा काढू?’ पलीकडून इतका वेळ आवाज आला नाही की मला वाटलं लाइन तुटली. मग ते म्हणाले होते, ‘पूर्ण कर. अर्धवट काही आणू नकोस.’ आणि मी फोन ठेवून मनात म्हटलं होतं, बघितलंत, म्हाताऱ्याचा ताठा अजून उतरला नाही.

‘तेव्हा दिसत होतं तुम्हाला?’

‘डाव्यानं दिसत होतं. भिंग लावून बऱ्यापैकी.’

‘मग ये म्हणायचं ना!’ मी ओरडले. ‘एक शब्द! ये. एवढं म्हणायला काय झालं होतं?’

‘ये म्हटलं असतं तर आली असतीस.’

‘अर्थात आले असते!’

‘आणि माझं हे बघितल्यावर परत गेली नसतीस.’

‘ते माझं मी ठरवलं असतं. तुम्ही कोण ठरवणारे?’

‘बाप,’ बाबा म्हणाले.

 मी उठले, खिडकीशी गेले, परत आले. मला त्यांचा राग आला होता, ताईचा आला होता, आणि सगळ्यात जास्त माझा. अकरा वर्षं. दर वर्षी दहा फोटो पिशवीत टाकून आणले असते तर त्यांनी एकशेदहा फोटो बघितले असते. उलटे, मग सरळ. हजार चुका काढल्या असत्या. मी दर वर्षी भांडून निघून गेले असते, आणि फोटो त्यांच्या डोळ्यांखालून गेले असते. मी काय केलं, तर एकही चूक राहू नये म्हणून वाट बघत बसले, आणि तिकडे त्यांचे डोळे वाट बघून बघून संपले. मफलर आणले मी. मफलर!

‘मग मी हे कुणासाठी केलं?’ मी म्हटलं. आवाज फाटला माझा.

‘लोकांसाठी की,’ ताई म्हणाली. ‘लोक बघतील.’

‘लोक गेले खड्ड्यात.’

 कप टीपॉयवर होते, कुणी उचलले नाहीत. मग मी बाबांच्या मांडीवरचं पुस्तक घेतलं, सरळ केलं, पहिला फोटो उघडला आणि म्हटलं, ‘ऐका. एक ट्रक आहे. त्याच्या आरशात एक माणूस…’ बाबांनी हात वर केला. ‘सांगू नकोस,’ म्हणाले. ‘सांगून फोटो दिसत असता तर मी दुकान कशाला काढलं असतं?’ चिडून नाही म्हणाले. उलट फार हळू म्हणाले. आणि ते खरंच होतं, त्यांच्याइतकं मलाही ते माहीत होतं. मी पुस्तक मिटलं. त्या पुस्तकाकडे ज्या डोळ्यांनी बघायला हवं होतं ते आता नव्हते, आणि जे आहेत त्यांनी कितीही बघितलं तरी ते बघणं नव्हतं. चाळिशी उलटलेली बाई मी, ताईच्या समोर हमसाहमशी रडले. ताईनं पाठीवर हात ठेवला, तो मी काढला नाही.

‘इकडे ये,’ बाबा थोड्या वेळानं म्हणाले. ‘उजेडात बस. इथे.’

मी खिडकीजवळची खुर्ची ओढून त्यांच्यासमोर बसले, गुडघ्याला गुडघा लागेल इतकी जवळ. त्यांनी माझ्याकडे तोंड केलं, क्षणभर थांबले, आणि मग हळूहळू मान वळवून डावीकडे बघायला लागले, भिंतीकडे, जिथे नुसतं कॅलेंडर होतं. मला वाटलं, त्यांनाही रडू येतंय आणि ते मला दिसू नये म्हणून तोंड फिरवलंय.

‘तिकडे काय बघताय बाबा?’

‘तुलाच बघतोय,’ ते म्हणाले. ‘सरळ बघितलं की तू जातेस. असं दुसरीकडे बघितलं की कडेला येतेस. थोडी.’

मी नाक पुसलं आणि ताठ बसले.

‘बारीक झालीस,’ बाबा कॅलेंडरकडे बघत म्हणाले. ‘आणि केस कापलेस का गं?’

‘हो.’

‘कधी?’

‘झालं वर्ष.’

‘मला कुणी सांगितलं नाही.’ ते अजून जरा डावीकडे वळले. ‘थांब. आता नीट येतेस. हलू नकोस.’

मी हलले नाही. ते त्या भिंतीकडे कितीतरी वेळ बघत बसले होते.